बागेतला दगड आणि त्याचं गाव

आजचा विषय जाहीर झाल्यावर काहींनी विचारलं की, तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसानं बागेच्या सजावटीवर काय बोलावं? प्रश्न रास्त आहे. पण आपल्या जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत जे चाललंय ते बघा. पुण्याच्या रस्त्याला जा, मनमाडच्या रस्त्याला जा, नवी शेतघरं उभी राहिलीत, बंगल्यांपुढे हिरवळ आलीय, हॉटेलांची अंगणं सजलीत. त्या हिरवळीवर काय दिसतं? जुनं जातं, उखळ, बैलगाडीचं चाक, उतरवलेल्या वाड्याचा खांब. आणि मधूनच, कर्दळीच्या आडोशाला, एखादा वीरगळ. जातं आणि वीरगळ शेजारी शेजारी मांडलेले असतात, मालक दोन्हींकडे सारख्याच कौतुकानं बोट दाखवतो, आणि आपणही 'वा' म्हणून चहा पितो.

ही दोन्ही वस्तू एकाच जातीच्या आहेत का, एवढाच आजचा प्रश्न आहे. उत्तर इतिहासातून शोधायचं आहे, आणि जाता जाता, ज्यांना खरंच बाग सजवायची आहे त्यांना काय घ्यावं, कुठे शोधावं, हेही सांगायचं आहे. नुसतं 'हे करू नका' म्हणणारी व्याख्यानं आम्हाला स्वतःला ऐकवत नाहीत.

सुरुवात भुईकोट किल्ल्यापासून करू, कारण आपला किल्ला मुळात एका बागेच्या जागेवर उभा आहे. 28 मे 1490 रोजी मलिक अहमदनं बहमनी फौजेचा पराभव केला. जिथे हा विजय मिळाला तिथेच त्यानं महाल बांधला आणि बाग लावली. तिचं नाव बाग निजाम. शहराची पायाभरणी त्यानंतरची, 1494 च्या सुमाराची. म्हणजे नगर हे आधी बाग आणि मग शहर असं वसलं. पुढे हुसेन निजामशहानं 1559 पासून त्या जागी आज दिसतो तो दगडी किल्ला उभा केला आणि बागेवर तट-बुरूज आले.

आता तिथून थेट 1942 वर या. 9 ऑगस्टला मुंबईत काँग्रेसच्या पुढाऱ्यांची धरपकड झाली आणि नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव अशा मंडळींना या किल्ल्यात आणून ठेवलं. नेहरूंनी इथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. पुस्तक लिहायला घेण्याआधी त्यांनी इथे कुदळ-फावडं हाती घेतलं होतं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. भर उन्हात ते फुलांचे वाफे खणत. जमीन वाईट, दगडगोट्यांची, जुन्या बांधकामांच्या राडारोड्यानं भरलेली. खणता खणता जुन्या भिंतींचे भाग लागले, जमिनीच्या पोटात गेलेल्या घुमटांचे आणि कमानींचे माथे लागले. एकदा एका भिंतीच्या अंगावर दगडात कोरलेलं सुंदर कमळ निघालं, बहुधा एखाद्या दरवाजावरचं. त्याहून खोल खणायला सरकारची परवानगी नव्हती आणि तशी साधनंही नव्हती. मौलाना आझादांनीही किल्ल्यातून लिहिलेल्या पत्रांत त्या फुलांविषयी लिहिलं आहे.

आम्हाला या प्रसंगात विशेष वाटतं ते असं. कैदी माणूस, दगडी अंगण, आणि हाती लागलेलं कोरीव कमळ. आजच्या एखाद्या शेतघराच्या मालकाला ते सापडलं असतं तर? सकाळी दिसलं आणि संध्याकाळपर्यंत कारंज्याच्या मध्यावर बसलं. नेहरूंच्या लेखी मात्र ते कमळ म्हणजे एका दरवाजाचा पुरावा होता. दरवाजा दिसत नव्हता, तरी तो होता, एवढं ते कमळ सांगत होतं. आणि ते सांगू शकत होतं, कारण ते भिंतीतच होतं.

याच ठिकाणी नेहरू डेहराडूनच्या तुरुंगातली एक आठवण देतात. तिथेही ते अंगण खणत होते आणि दोन जुन्या खांबांचे बुंधे लागले. आधी कुतूहल वाटलं. मग कळलं की ते तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या फाशीच्या खांबांचे अवशेष आहेत. कैद्यांनी मिळून ते उपटून काढले आणि सगळ्यांना बरं वाटलं. म्हणजे जमिनीतून निघालेलं सगळंच जपायचं असतं असं नाही. काही गोष्टी उपटाव्याशा वाटतात आणि त्या उपटण्यातही न्याय असू शकतो. पण ते खांब कशाचे होते हे आधी कळलं, मग ते उपटले. हा क्रम लक्षात ठेवा.

आता निजामशाही बागांकडे वळू. शहराच्या आग्नेयेला फराहबाग, उत्तरेला सावेडीच्या बाजूला हश्त बिहिश्त बाग, म्हणजे आठ स्वर्गांची बाग. दोन्हीकडे कल्पना एकच: तलाव, तलावाच्या मध्यावर अष्टकोनी महाल, भोवती झाडी. फराहबागेचा महाल 1583 मध्ये पूर्ण झाला. आधी तो एकानं बांधला, सुलतानाला आवडला नाही, मग सलाबतखानाकडून पुन्हा बांधून घेतला. आज तलाव कोरडा आहे आणि महाल एखाद्या म्हाताऱ्यासारखा उन्हात बसलेला आहे. हश्त बिहिश्तचं तर त्याहून थोडं उरलंय.

या बागांमध्ये 'शोभेची वस्तू' म्हणावी असं काय होतं? पाणी. पाण्यात पडलेलं महालाचं प्रतिबिंब, पाण्याचा आवाज, पाण्यावरून येणारा वारा. त्यासाठी लांबून, डोंगराच्या पायथ्यापासून जमिनीखालून खापरी नळ आणले होते. कमी पावसाच्या मुलखात पाणी खेळवून दाखवण्याइतकी मोठी श्रीमंती दुसरी नव्हती. जुनी, मोडकी, दुसऱ्या कुठल्या इमारतीची वस्तू आणून बागेत मांडायची ही कल्पना त्या बागांच्या रचनेत बसत नाही.

मग ती आवड आली कुठून? युरोपात अठराव्या शतकात मोठ्या जमीनदारांना आपल्या बागेत भग्नावशेष हवेसे वाटू लागले. खरे मिळाले तर खरे, नाहीतर गवंड्याकडून मोडका बुरूज नवाच बांधून घेत. हसू नका, हे खरंच करत. यातलं सर्वांत भव्य उदाहरण इंग्लंडच्या राजघराण्याचं आहे. लिबियात लेप्टिस मॅग्ना नावाचं रोमन शहर आहे. 1816 मध्ये तिथले खांब त्रिपोलीच्या पाशाकडून भेट म्हणून मिळवले, जहाजानं इंग्लंडला नेले, काही वर्षं ते ब्रिटिश म्युझियमपाशी पडून होते, आणि पुढच्या दशकात विंडसरच्या उद्यानात, व्हर्जिनिया वॉटर या तळ्याकाठी, त्यांचं एक खोटं पडकं देऊळ रचलं. खांब खरे, पण अवशेष खोटा. ते खांब त्या जागी कधीच कुठलं छप्पर तोलत नव्हते. आज ते पाहायला लोक जातात, छान दिसतं म्हणतात. दिसतंही छान.

आपल्याकडे जुना दगड पुन्हा वापरण्याची रीत युरोपाच्या त्या हौसेहून वेगळी आणि फार जुनी आहे. पडक्या देवळाचा दगड बारवेच्या पायरीला, वाड्याचा दगड चावडीच्या जोत्याला, तटाचा दगड लोकांच्या घरांना. नगरच्या वेशी उभ्या आहेत, दिल्ली दरवाजा आहे, माळीवाडा वेस आहे, पण त्यांना जोडणारा तट फारसा कुठे उरलेला नाही. रोममध्येही हेच झालं. इसवी सन 315 च्या सुमारास बांधलेल्या कॉन्स्टंटाइनच्या कमानीवर आधीच्या सम्राटांच्या स्मारकांवरची शिल्पं काढून बसवलेली आहेत. घडवलेला दगड महाग, घडवणारा हात त्याहून महाग. म्हणून दगड फिरत राहिले. यात कधी जिंकणाऱ्याचा माज होता, कधी निव्वळ काटकसर होती, आणि दोन्ही एकाच भिंतीत असू शकतात. पण त्यात दगड कामाला लागत होता. पायरीचा दगड पाय पेलत होता. बागेतला वीरगळ काय पेलतो?

या जिल्ह्यात एक खांब असा आहे की त्याचं उदाहरण दिल्याशिवाय हा विषय पुढे सरकत नाही. नेवाशाचा पैसाचा खांब. ज्ञानेश्वरांनी ज्याला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली अशी परंपरा आहे तो. हा मूळचा करवीरेश्वराच्या देवळातला खांब. त्यावर शिलालेख आहे आणि देवाच्या दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाची नोंद त्यात आहे. देऊळ गेलं, बाकीचे खांब गेले, हा एक उभा राहिला. आता विचार करा, नुसता दगड म्हणून पाहिलं तर त्यात काय आहे? नक्षीच्या मानानं पाहाल तर रतनवाडीच्या अमृतेश्वराचा कुठलाही खांब याच्यावर मात करील. पण तो हलवण्याची कल्पना कुणाच्या मनात आली नाही. पडलेल्या देवळातून खांब नेऊन दुसरीकडे उभा करायचा, ही वाट सोपी होती. लोकांनी उलट केलं. खांब तिथेच ठेवला आणि त्याच्याभोवती नवं मंदिर बांधलं.

हे लोक अडाणी भाविक म्हणून असं वागले असं कुणी समजू नये. जागा नेमकी नोंदवण्याचा ध्यास मराठीत फार जुना आहे. महानुभावांची 'स्थानपोथी' आठवा. चक्रधरस्वामी कुठे राहिले, कुठे बसले, ते ठिकाण कोणत्या देवळाच्या कोणत्या दिशेला, दार कोणीकडे, असं सगळं त्यात लिहून ठेवलेलं आहे. चौदाव्या शतकातला हा ग्रंथ. त्यातली पुष्कळ ठिकाणं आपल्या गोदाकाठची आहेत, खुद्द नेवासं आहे. स्वामी गेल्यावर उरलं ते स्थान, आणि स्थान विसरलं जाऊ नये म्हणून पोथी. पुरातत्त्व खात्याचा माणूस उत्खननात जी वही भरतो तिची ही पूर्वजच म्हणायला हरकत नाही.

जागा गेल्यावर काय जातं, याचा सर्वांत कडू धडाही आपल्याच जिल्ह्यातला आहे. श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेकाठी दायमाबाद. 1974 मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाचं मूळ खणताना चार कांस्यवस्तू सापडल्या: दोन बैल जुंपलेला रथ आणि त्यात उभा माणूस, एक म्हैस, एक हत्ती, एक गेंडा. चारींचं मिळून वजन साठ किलोंच्या वर. भारताच्या प्राचीन इतिहासात अशा वस्तू हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्या संग्रहालयांत पोचल्या हे आपलं भाग्य, भंगारात वितळल्या असत्या तर आपण काय केलं असतं! पण त्यांच्या काळाबद्दल वाद झाला. उत्तर हडप्पा काळाच्या म्हणणारे आहेत, धातूतल्या सोमलाचं प्रमाण दाखवून शंका घेणारे आहेत. वाद का झाला? कारण त्या मातीच्या कोणत्या थरात होत्या, शेजारी कोणती खापरं होती, हे काढताना कुणी पाहिलेलं नव्हतं. पुढे तिथे रीतसर उत्खनन झालं, काही हंगाम चाललं, दायमाबादच्या संस्कृतींचा क्रम लागला. पण त्या चार वस्तू त्या क्रमात कुठे ठेवायच्या याचा बिनतोड पुरावा कायमचा गेला. त्या शेतकऱ्याचा यात काडीचा दोष नाही. तो सरपण काढत होता. पण जो माणूस आज ठरवून, पैसे मोजून, शेताच्या बांधावरचा वीरगळ ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून नेतो, त्याच्याविषयी असं म्हणता येणार नाही.

वीरगळ म्हणजे नेमकं काय ते सांगतो, म्हणजे हे इतकं का बोललो ते कळेल. तीन किंवा चार कप्पे. खालच्या कप्प्यात लढाई, कधी गाई पळवणाऱ्यांशी, कधी वाघाशी, किंवा नुसताच पडलेला वीर आणि त्याच्याभोवती गुरं. मधल्या कप्प्यात अप्सरा त्याला घेऊन चालल्यात. वरच्या कप्प्यात तो शिवलिंगापुढे बसलाय. त्याहीवर चंद्र आणि सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ही कीर्ती राहो. नाव बहुतेक वेळा नसतं. मग तो कोण होता हे कशावरून कळायचं? जागेवरून. गावाच्या वेशीपाशी, देवळाच्या आवारात, शिवेवर. त्या शिवेवर काहीतरी घडलं होतं आणि कुणी तरी गावासाठी मेलं होतं, एवढी त्याची ओळख. तो उचलून बंगल्यात आणला की एका निनावी माणसाची उरलीसुरली ओळखही पुसली. सतीशिळेचं तसंच, कोपरात वाकलेला बांगड्यांचा हात कोरलेला दगड. एका बाईच्या जळण्याची खूण लॉनवर शोभेला ठेवणं कुणाला कसं जमतं, आम्हाला कळत नाही.

आणि गद्धेगाळ! दान दिलेली जमीन जो बळकावील त्याला शिवी आणि शाप देणारा दगड. त्यावरचं गाढवाचं चित्र आम्ही इथे वर्णन करून सांगत नाही, घरी लहान मुलंही ऐकत असतील. ज्याची जमीन नाही त्यानं ती घेऊ नये म्हणून रोवलेला दगडच कुणी उपटून आपल्या जमिनीत लावला, तर ती शिवी कुणाला लागू होते याचा विचार मालकानं करावा.

तुळशीवृंदावनाबाबत एक सावधगिरी. दगडी, चौकोनी, कोनाडे असलेलं सुबक वृंदावन बाजारात विकायला दिसतं. त्यातलं प्रत्येक अंगणातलं असतं असं नाही. आपल्याकडे समाध्याही वृंदावनाच्या घाटाच्या बांधत. अंगणात तुळस म्हणून आणलं आणि ती कुणाची तरी समाधी निघाली, असं होऊ शकतं. विकणाऱ्याला विचारा, 'कुठून उतरवलं?' तो गप्प बसला तर आपणही पुढे चालू लागावं.

कायदा थोडक्यात सांगतो, कारण लोकांना वाटतं 'आपल्या शेतात सापडलं, आपलं झालं.' तसं नाही. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, असा 1878 चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. दहा रुपये! 1972 च्या पुरावशेष कायद्यानं शंभर वर्षांहून जुन्या शिल्पांसारख्या वस्तूंची नोंदणी ठरवली, परवान्याशिवाय त्यांचा व्यापार करता येत नाही. संरक्षित स्मारकांच्या आवारातला तर खडाही हलवू नये.

मग बागेत ठेवायचं काय? पुष्कळ आहे. किंबहुना खरी मजा इथेच आहे.

घरगुती दगड घ्या. जातं, पाटा-वरवंटा, उखळ, गुरांना पाणी पाजायची दगडी डोण, वाड्याच्या लाकडी खांबाखालचा तळखडा. हे सगळं आपल्या काळ्या पाषाणात घडवलेलं, पाथरवटांच्या आणि वडारांच्या हातचं. जात्याला टाकी लावायला दारावर येणाऱ्या बायकांची हाक आमच्या पिढीनं ऐकली आहे. गिरणी आली, मिक्सर आला, आणि ही जड वस्तू परसात, मग उकिरड्याच्या कडेला गेली. तिला कुणी तिच्या जागेवरून ओढलं नाही, तिचं काम संपलं. अशी वस्तू उचलून आणली तर कुणाचं काही हिरावलं जात नाही, उलट ती खडी होण्यापासून वाचते. तळखड्यावर कुंडी काय शोभते! डोणीत कमळ किंवा पाणवेली लावाव्यात, चिमण्या पाणी प्यायला येतात. फक्त जात्याच्या तळ्या हिरवळीत पायवाट म्हणून पुरू नका. लग्नात घाणा भरताना ज्या जात्याला हळदकुंकू वाहिलं, ज्यावर पहाटे ओव्या म्हणत दळलं, त्यावर चप्पल घालून चालताना घरातल्या म्हाताऱ्या माणसाला काय वाटतं ते एकदा विचारा. कायदा इथे काही म्हणत नाही, माणसं म्हणतात.

आपला जिल्हा उसाचा. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना 1950 चा. त्याआधी आणि नंतरही गुऱ्हाळं होती, अजून आहेत. गुळाची जुनी काहील, ती प्रचंड लोखंडी कढई, बागेत तळ्यासारखी ठेवता येते. आतून गंज खरवडून घ्यावा आणि पाण्यात गप्पी मासे सोडावेत, नाहीतर डासांची शेती होईल. बैलगाडीचं चाक घेताना तुंबा आणि आरे ठोकून बघा. धाव निघालेली असेल तर लाकडाला वाळवी लागलेली असू शकते. चाक मातीत रोवू नका, खाली दगडाची चीप द्या. बाभळीचं लाकूड चिवट असतं, पण ओल्या मातीत कुठलंच लाकूड फार टिकत नाही.

लाकूड मिळायची मोठी जागा म्हणजे उतरवले जाणारे वाडे. पाथर्डीपासून संगमनेरपर्यंत, जिल्ह्याच्या जवळजवळ प्रत्येक जुन्या पेठेत वाडे उतरतायत. वाडा उतरवणारे ठेकेदार तुळया, कडीपाट, चौकटी, महिरपी, सुरूदार खांब वेगळे काढून विकतात. आठवडी बाजारात, भंगारवाल्याकडे आणि पुण्याच्या जुन्या बाजारात हाच माल फिरून येतो, प्रत्येक हाताला किंमत चढत जाते. म्हणून शक्य असेल तर वाडा उभा असतानाच जा, घरमालकाला भेटा. त्याला पैसे थेट मिळतात, आणि खांब कोणत्या चौकातला, सोपा कुठला, देवघर कुठे होतं, हे त्याच्याच तोंडून कळतं. नक्षीकाम जुनं असेल तर आधी सांगितलेला कायदा लाकडालाही लागू होऊ शकतो, ते तपासून घ्या. पुण्यात केळकर संग्रहालयात कोथरूडचा मस्तानी महाल उचलून आणून पुन्हा उभारला आहे. हलवलेलीच वास्तू, पण कुठून आणली हे नावासकट सांगितलेलं असल्यामुळे ती मुकी झाली नाही.

एक प्रकार याहून वेगळा, आणि तो ऐकताना जपून बोलावं लागतं. धरणं. नाथसागराच्या पाण्यात आपल्या नेवासा-शेवगाव तालुक्यांतली गावं गेली, मुळा धरणात राहुरीकडची गेली. लोकांनी घरं स्वतःच्या हातांनी उतरवली, चौकटी, दारं, वासे गाडीत भरले आणि नव्या जागी लावले. पुनर्वसनातल्या गावठाणात सिमेंटच्या घराला मध्येच जुनी सागवानी चौकट दिसते. अशा घरापुढे एखादा घडीव दगड, पायरीचा किंवा मारुतीच्या पाराचा, ठेवलेला असेल तर त्याला सजावट म्हणू नका. तो विकत मागायला तर मुळीच जाऊ नका. गाव पाण्याखाली गेलं आणि गावाची एवढीच खूण हातात राहिली.

टाकून दिलेल्या वस्तूंची बाग किती मोठी होऊ शकते हे पाहायचं असेल तर चंदीगडला जा. नेकचंद नावाच्या रस्ते खात्यातल्या एका निरीक्षकानं 1957 च्या सुमारास, कुणाला न सांगता, जंगलाच्या कडेला एक बाग रचायला घेतली. नवं शहर वसवण्यासाठी जी गावं उठवली त्यांचा राडारोडा, फुटक्या बांगड्या, चिनीमातीचे तुकडे, मोडकी भांडी, एवढ्यातून त्यानं माणसं, प्राणी, झरे उभे केले. सरकारला पत्ता लागायला सतराअठरा वर्षं गेली. कारवाई व्हायची ती न होता 1976 मध्ये ती बाग लोकांना खुली झाली. तिथे एकही मूर्ती कुणाच्या देवळातून आणलेली नाही.

आता शेवटचं काम सांगतो, ते घरी करता येईल. ज्यांच्या बागेत जुन्या वस्तू आहेत त्यांनी एक वही करावी. हवं तर तिला स्थानपोथीच म्हणा. प्रत्येक वस्तूला एक पान. वस्तू काय, कोणत्या गावची, कोणाच्या घरातली किंवा कोणत्या शिवेवरची, कधी आणली, कोणी सांगितलं. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढावा, म्हणजे आकार कळतो. नगरच्या रणगाडा संग्रहालयात हिरवळीवर मांडलेल्या रणगाड्यापुढे पाटी असते, तो कोणत्या बनावटीचा, कोणत्या लढाईतला, ते त्यावरून कळतं. लोखंडी रणगाड्याला जो मान मिळतो तो आजीच्या उखळाला द्यायला काय हरकत आहे?

आणि ज्यांच्याकडे वीरगळ, सतीशिळा, शिलालेख किंवा मूर्ती आधीच आलेली आहे, वाडवडिलांच्या वेळेपासून म्हणा किंवा शेत घेतलं तेव्हा आत होतीच म्हणा, त्यांनी घाबरून ती रातोरात नदीत टाकू नये. असं करतात लोक. तहसील कार्यालयाला लेखी कळवावं, पोच घ्यावी, आणि नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात किंवा पुरातत्त्व खात्याच्या लोकांना दाखवावं. मूळ जागा आठवत असेल आणि गाव तयार असेल, तर खात्याच्या सल्ल्यानं ती देवळाच्या आवारात सन्मानानं परत उभी करता येते. तोवर तिला तैलरंग फासू नका, शेंदूर-तेल लावू नका, आणि साफ करायला ॲसिड तर अजिबात नको. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. अक्षरं दिसत असतील तर त्यावर खडू किंवा कोळसा घासू नका. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात फोटो घ्या, अक्षरं आपोआप उठून दिसतात.

निजामशाही बागांना पाणी पुरवणाऱ्या खापरी नळांचा उल्लेख मघाशी ओझरता झाला. कापूरवाडीकडून येणाऱ्या नळापासून सुरुवात करून पुढच्या व्याख्यानात त्यांच्याकडे वळू. आता प्रश्न घेऊ या.